उसने शब्द, स्वतःचा लेख : टिपणवहीपासून श्रेयापर्यंतचा क्रम

ठाण्यातील एका वाचक मंडळाच्या वार्षिक अंकाचे संपादन मी अनेक वर्षे करीत आहे. अंकासाठी आलेले जे लेख परत पाठवावे लागतात, त्यांतील बहुतेकांची भाषा बरी असते आणि विषयही चांगला असतो. अडचण एकच असते, की दुसऱ्या लेखकाचे कोणते शब्द आणि कोणते विचार लेखात आले आहेत, याचा हिशेब लेखकाला स्वतःलाच देता येत नाही. यांत जाणूनबुजून उचलेगिरी करणारे फार थोडे असतात. बाकीच्यांचा क्रम चुकलेला असतो. पुस्तक समोर उघडे ठेवून ते लेख लिहितात, लेख पूर्ण झाल्यावर श्रेयाचा विचार करतात आणि परवानगीची आठवण त्यांना अंक छपाईला जाताना होते. पुढे दिलेला क्रम याच्या उलट आहे. आपले काय आणि उसने काय, याची विभागणी टिपण काढतानाच व्हावी लागते. लेख लिहून झाल्यावर ती करू म्हटले, तरी बहुधा करता येत नाही.

## सुरुवातीपूर्वीची तयारी

टिपणांसाठी एक स्वतंत्र वही किंवा संगणकावरील स्वतंत्र फाइल ठेवावी आणि तिच्यात लेखाचा खर्डा कधीही लिहू नये. दोन रंगांच्या शाया जवळ ठेवाव्यात. मोबाइलवर टिपण करणाऱ्यांनी रंगाऐवजी प्रत्येक ओळीच्या आरंभी ठरावीक खूण करावी. याशिवाय वाचन आणि लेखन यांच्यामध्ये किमान एक रात्र जाईल, असे वेळापत्रक आखावे. अंकाची मुदत संपण्याच्या आदल्या संध्याकाळी ग्रंथालयात जाऊन त्याच रात्री लेख लिहिणाऱ्याच्या हातून मूळ लेखकाची वाक्यरचना जशीच्या तशी उतरते, कारण ती डोक्यातून निघून जायला वेळच मिळालेला नसतो.

ग्रंथालयात बसून पानांचे फोटो काढणे आता सर्रास झाले आहे आणि त्यात गैर काही नाही. मात्र फोटोंचा क्रम पाळावा. आधी पुस्तकाचे आतले शीर्षकपृष्ठ, मग आवृत्ती आणि प्रकाशनवर्ष असलेले पान, आणि त्यानंतर हवा असलेला मजकूर, तोही पृष्ठक्रमांक दिसेल अशा रीतीने. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली स्थापन झाले. अशा जुन्या संग्रहात एकाच पुस्तकाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या असू शकतात आणि त्यांतील पृष्ठक्रमांक जुळतीलच असे नाही. आवृत्ती न नोंदवता दिलेला पृष्ठक्रमांक वाचकाच्या उपयोगाचा नसतो.

तपासणी : फोनमधील कोणताही एक फोटो उघडावा. तो कोणत्या पुस्तकातील, कोणत्या आवृत्तीतील आणि कितव्या पानाचा आहे, हे स्मरणावर न विसंबता सांगता येत नसेल, तर तो फोटो टिपण म्हणून वापरू नये.

## टप्पा १ : आपला प्रश्न एका वाक्यात लिहून काढणे

“ठाण्याचे तलाव” हा विषय झाला. “तलावांभोवती कठडे आणि चालण्याच्या वाटा झाल्यानंतर आसपासच्या रहिवाशांचा पाण्याशी असलेला रोजचा संबंध कसा बदलला?” हा प्रश्न झाला. नुसता विषय घेऊन वाचायला बसले, की जो पहिला चांगला लेख हाती लागतो त्याचाच प्रश्न आपला होतो. मग त्याची मांडणी आपली होते, आणि शेवटी त्याचा निष्कर्षही आपलाच वाटू लागतो. प्रश्न आधी लिहिलेला असेल, तर प्रत्येक पुस्तकाकडे पाहताना “या प्रश्नासाठी मला येथून काय हवे आहे?” एवढेच विचारता येते. ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. पुढे बदलावेसे वाटले तर बदलावे, पण जुने वाक्य खोडू नये.

## टप्पा २ : उसनी गोष्ट मूळ धन्यापर्यंत नेणे

एखादा विचार ज्याच्या लेखात आपण वाचला, त्याचाच तो असतो असे नाही. नवी मुंबईचे उदाहरण पाहावे. या शहरावरील अनेक लेखांत “सिडकोच्या संकल्पनेतून हे शहर साकारले” असे वाक्य असते. सिडको, म्हणजे हे शहर वसवणारे सरकारी महामंडळ, १७ मार्च १९७० रोजी स्थापन झाले. खाडीपलीकडे मुंबईचे जुळे शहर वसवावे, ही मांडणी मात्र चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्येच ‘मार्ग’ या नियतकालिकात केली होती. शहर उभारणीचे श्रेय आणि कल्पना मांडण्याचे श्रेय ही दोन वेगळी श्रेये आहेत. हे वाक्य एका लेखातून दुसऱ्या लेखात उतरवणाऱ्यांपैकी कोणीही एक पायरी मागे गेले असते, तर तीन नावे गाळली गेली नसती.

म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या विचाराबाबत आणि अवतरणाबाबत निदान एक पायरी मागे जावे. मूळ पुस्तक मिळाले, तर अवतरण त्यातूनच घ्यावे. नाही मिळाले, तर आपण ते कोठे वाचले हे उघड सांगावे: “अमुक यांनी आपल्या पुस्तकात तमुक यांचे जे वाक्य दिले आहे, त्यानुसार…”. मूळ ग्रंथ न पाहता थेट त्याचा पृष्ठक्रमांक देणे हा खोटा संदर्भ होतो, मग तो क्रमांक बरोबर असला तरीही.

मराठी विश्वकोशातील बहुतेक नोंदींच्या शेवटी नोंद लिहिणाऱ्याचे नाव दिलेले असते. श्रेय देताना “विश्वकोशात म्हटले आहे” एवढ्यावर न थांबता ते नावही द्यावे. कोणीतरी अभ्यास करून ती नोंद लिहिलेली असते.

इशारा : व्हॉट्सॲपवरून आलेला मजकूर, त्याखाली कितीही मोठे नाव असले, तरी मूळ पुस्तकात सापडेपर्यंत अवतरण म्हणून वापरू नये. “साभार : व्हॉट्सॲप” किंवा “लेखक अज्ञात” असे लिहिल्याने श्रेय दिले जात नाही, शोध घेतला नाही, एवढीच त्यातून कबुली मिळते. चॅटजीपीटीसारख्या साधनांनी सुचवलेल्या अवतरणांनाही हाच नियम लावावा. अशी साधने कधीकधी अस्तित्वातच नसलेले वाक्य किंवा पुस्तक अगदी ठामपणे सांगतात.

## टप्पा ३ : टिपण काढणे

बहुतेक चुकांचे मूळ या टप्प्यात असते, म्हणून येथे घाई करू नये.

वहीतील प्रत्येक नोंद तीनपैकी एका प्रकारची असावी, आणि ती कोणत्या प्रकारची आहे हे लिहितानाच ठरावे. पहिला प्रकार शब्दशः उतरवलेल्या मजकुराचा. तो एका रंगात, दुहेरी अवतरणचिन्हांत आणि शेवटी पृष्ठक्रमांकासह लिहावा. दुसरा प्रकार मूळ लेखकाचा मुद्दा स्वतःच्या शब्दांत मांडण्याचा. तो त्याच रंगात, अवतरणचिन्हांशिवाय, पण आरंभी “ले.” अशी खूण करून आणि पृष्ठक्रमांक देऊन लिहावा. तिसरा प्रकार वाचताना आपल्याला सुचलेल्या गोष्टीचा. तो दुसऱ्या रंगात, आरंभी “मी” असे लिहून नोंदवावा. एका परिच्छेदात दोन प्रकार मिसळू नयेत. वाचताना सुचलेला विचार कितीही घाईचा असला, तरी नवी ओळ घेऊन, रंग बदलूनच लिहावा.

हा नियम मला एका चुकीने शिकवला. बऱ्याच वर्षांपूर्वी स्टेशन परिसरातील जुन्या बाजारपेठेवर मी एक लेख लिहिला होता. त्यातील एक वाक्य अनेकांना आवडले आणि मलाही ते माझेच वाटत होते. अंक प्रसिद्ध झाल्यानंतर काही आठवड्यांनी एका वाचकाने पत्रासोबत एका जुन्या पुस्तकाच्या पानाची झेरॉक्स पाठवली. ते वाक्य दोन शब्दांच्या फरकाने तेथे होते. मी वही काढून पाहिली. वाक्य माझ्याच अक्षरात, अवतरणचिन्हांशिवाय, माझ्या दोन निरीक्षणांच्या मधोमध लिहिलेले होते. चार महिन्यांनी वही उघडल्यावर ते उसने असल्याचे कळायला कोणताही मार्ग उरला नव्हता. पुढील अंकात आम्ही दुरुस्ती आणि क्षमायाचना छापली. मूळ लेखक तोपर्यंत हयात नव्हते, ही खंत मात्र तशीच राहिली.

कॉपी-पेस्ट करून टिपणे जमवणाऱ्यांना हा धोका अधिक असतो, कारण तेथे अक्षरही वेगळे दिसत नाही. मजकूर चिकटवताक्षणी, पुढची ओळ वाचण्यापूर्वी, त्याला अवतरणचिन्हे आणि पृष्ठक्रमांक द्यावा.

तपासणी : वहीचे कोणतेही एक पान शेजारच्या माणसाला द्यावे आणि “यातील कोणती वाक्ये माझी आहेत?” असे विचारावे. त्याला रंग आणि खुणा पाहून अचूक सांगता आले, तर टिपण योग्य आहे.

## टप्पा ४ : काय उसने घेतले आहे ते ओळखणे

सगळी उसनवारी सारखी नसते आणि तिचे नियमही सारखे नाहीत.

तथ्यावर कोणाची मालकी नसते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी रेल्वे धावली आणि ते अंतर २१ मैल, म्हणजे सुमारे ३४ किलोमीटर होते, हे सांगण्यासाठी कोणाचे ऋण मानण्याची गरज नाही. मात्र तथ्याबद्दल मतभेद असला, की स्रोत सांगावा लागतो. त्या प्रवासाला किती वेळ लागला, याचे आकडे वेगवेगळ्या लेखांत वेगवेगळे आढळतात. त्यांतील एक आकडा निवडायचा असेल, तर तो कोठून घेतला हे लिहिणे भाग आहे.

तथ्यांची निवड आणि त्यांचा क्रम ही मात्र लेखकाची मेहनत असते. त्या पहिल्या रेल्वेप्रवासाचे वर्णन करताना एखाद्याने पाहुण्यांच्या संख्येपासून सुरुवात करून, मग इंजिने, मग तोफांची सलामी आणि शेवटी रुळांच्या काठावर उभी असलेली माणसे, असा क्रम विचारपूर्वक लावला असेल, तर तोच क्रम आपल्या शब्दांत उतरवणे हीसुद्धा उचल आहे. येथे चांगले लेखकही फसतात, कारण एकही वाक्य जुळत नसल्यामुळे त्यांना सारे काही ठीक वाटते.

कल्पनेवर कायद्याने मालकी सांगता येत नाही; स्वामित्वहक्क (प्रताधिकार) शब्दांकनावर असतो. सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात हा भेद स्पष्ट केला आहे. असे असले तरी कायद्याने मोकळी असलेली कल्पना लेखनाच्या शिष्टाचारात मोकळी नसते. ज्याच्या विचारामुळे आपला विचार सुरू झाला, त्याचे नाव घेणे हे लेखकाचे कर्तव्य आहे, आणि माझ्या मते ते अवतरणाच्या श्रेयापेक्षाही महत्त्वाचे आहे, कारण ते चुकवले तर कोणालाही कधी कळत नाही.

## टप्पा ५ : वही मिटून लिहिणे

खर्डा लिहिताना मूळ पुस्तक आणि टिपणवही दोन्ही मिटलेली असावीत. प्रश्नाचे वाक्य तेवढे समोर ठेवावे. तपशील आठवला नाही, तर जागा रिकामी सोडून पुढे जावे आणि नंतर वहीतून भरावा. स्वतःच्या शब्दांत लिहिणे म्हणजे काय, हे शब्दार्थाने कळत नाही, म्हणून एक उदाहरण घेऊ. पुढील मूळ वाक्य मीच या लेखासाठी रचले आहे.

मूळ : “तलावाच्या काठी संध्याकाळी जमणारी माणसे पाणी पाहायला येत नाहीत, ती एकमेकांना पाहायला येतात, आणि पाणी हे त्या भेटीचे निमित्त असते.”

आमच्याकडे येणाऱ्या लेखांत याचे असे रूप होते : तळ्याच्या किनाऱ्यावर सायंकाळी गोळा होणारे लोक जल बघण्यासाठी येत नाहीत, तर परस्परांना बघण्यासाठी येतात आणि जल हे त्या भेटीचे कारण असते.

येथे जवळजवळ प्रत्येक शब्द बदलला आहे आणि तरीही काहीच बदललेले नाही. वाक्याचा सांगाडा तोच आहे, विरोध त्याच जागी आहे, आणि “निमित्त” या नेमक्या शब्दाऐवजी “कारण” हा ढोबळ शब्द आल्यामुळे अर्थ मात्र बिघडला आहे. समानार्थी शब्दांची अदलाबदल करून वाक्य आपले होत नाही. असे करण्यापेक्षा मूळ वाक्य अवतरणचिन्हांत देणे अधिक प्रामाणिक, आणि वाचकालाही अधिक सुखाचे.

आता वही मिटून लिहिलेले रूप पाहावे (तलावपाळी म्हणजे ठाण्यातील मासुंदा तलावाचा काठ) : तलावपाळीची संध्याकाळची गर्दी पाण्यासाठी नसून माणसांच्या ओढीने होते, असे अमुक लेखक म्हणतात. संध्याकाळपुरते हे पटते. पहाटे साडेपाचला मात्र तेथे एकट्याने, खाली मान घालून चालणारी माणसे भेटतात. त्यांना कोणालाही भेटायचे नसते. एकाच काठाचे हे दोन उपयोग एकमेकांना अडथळा न करता कसे टिकले, हे पाहण्यासारखे आहे.

या परिच्छेदात उसना भाग एका वाक्याचा आहे आणि तो नावानिशी आला आहे. त्यानंतर लेखकाने तो विचार जेथे लागू पडत नाही अशी वेळ शोधली आणि तिच्यातून नवा प्रश्न काढला. दुसऱ्याच्या विचारावर स्वतःचे बांधकाम करायचे ते असे. त्याच्या काही वाटा मला नेहमी उपयोगी पडल्या आहेत. तो विचार मूळ लेखकाने न पाहिलेल्या ठिकाणी नेऊन पाहता येतो. तलावपाळीचे निरीक्षण वाशीच्या खाडीकाठच्या सागर विहारला लागू पडते का, हे एका संध्याकाळी जाऊन तपासता येते. त्या विचाराची हद्द कोठे संपते, हे शोधता येते. एकमेकांशी कधीच न बोललेल्या दोन लेखकांना समोरासमोर आणता येते, आणि हीच वाट सर्वांत कष्टाची असते, कारण दोघांचेही म्हणणे न वाकवता मांडावे लागते. मूळ लेखकाशी असहमत व्हायचे असेल, तर त्याचा मुद्दा आधी त्याला मान्य होईल इतक्या नीटपणे मांडावा आणि मगच खोडावा.

तपासणी : खर्डा झाल्यावर पुस्तक उघडून आपला परिच्छेद आणि मूळ परिच्छेद शेजारी ठेवावेत. सलग चार-पाच शब्द जुळत असतील किंवा वाक्यांचा क्रम सारखा असेल, तर परिच्छेद दुरुस्त करीत बसू नये. तो पूर्ण खोडून दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहावा. डागडुजी केलेल्या परिच्छेदातून मूळचा सांगाडा जात नाही.

## टप्पा ६ : अवतरण बसवणे

मूळ लेखकाच्या शब्दांतच काही विशेष असेल, त्या शब्दांची चिकित्सा करायची असेल, किंवा ते बदलले तर अर्थ बदलेल असे वाटत असेल, तेव्हाच शब्दशः अवतरण घ्यावे. नुसती माहिती देण्यासाठी अवतरण घेऊ नये. अवतरणाच्या आधी ते कोणाचे आहे आणि कोणत्या संदर्भात आले आहे, हे सांगणारे वाक्य हवे. त्यानंतर आपण त्याचा काय उपयोग करीत आहोत, हे सांगणारेही हवे. दोन परिच्छेदांच्या मध्ये एकटेच उभे केलेले अवतरण लेखाला धरून राहत नाही.

अवतरण अक्षरशः मुळाप्रमाणे असावे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये आले. त्याआधीच्या मजकुरात “घरांत”, “त्यांनीं” असे अनुस्वार असतात. ते काढून टाकण्याचा मोह आवरावा. मुद्रितशोधकालाही तशी लेखी सूचना द्यावी, नाहीतर तो सद्भावनेने सारे अनुस्वार काढतो, हा आमच्या अंकाचा अनुभव आहे. मधला भाग गाळला असेल तर तीन टिंबे द्यावीत, आणि अर्थ लागण्यासाठी आपला शब्द घालावा लागला तर तो चौकटी कंसात घालावा. गाळलेल्या भागात “नाही”, “क्वचित” किंवा “परंतु” यांसारखा शब्द तर नव्हता ना, हे पुन्हा पाहावे.

तोंडी सांगितलेल्या मजकुरालाही हेच नियम आहेत, आणि नवी मुंबईच्या गावांवर लिहिणाऱ्यांनी ते अधिक काटेकोरपणे पाळावेत. आगरी-कोळी लग्नांत धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाणाऱ्या धवलारणीकडून गाणे लिहून घेतले, की लेखात ते “पारंपरिक लोकगीत” म्हणून येते आणि गाणारीचे नाव जाते. परंपरा कोणा एकाची नसली, तरी आपल्यापर्यंत ते गाणे एका विशिष्ट बाईच्या कंठातून आलेले असते. तिची संमती असेल तर तिचे नाव, गाव आणि गाणे ऐकल्याची तारीख द्यावी. नाव नको असेल, तर तसे लिहावे. तिने “पानी” म्हटले असेल, तर “पाणी” लिहू नये. लिहून घेतलेले गाणे तिला वाचून दाखवावे. अनेकदा कडवी पुढेमागे झालेली तेव्हाच लक्षात येते.

## टप्पा ७ : भाषांतर केलेला मजकूर

इंग्रजीतील परिच्छेद मराठीत आणला, की तो आपला झाला, ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे. भाषांतराने शब्द बदलतात, लेखक बदलत नाही. ठाणे जिल्ह्यावर लिहिणारे अनेकजण मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाण्यावरील तेरावा खंड वापरतात. तो १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आता सर्वांना खुला आहे, म्हणून परवानगीची गरज नाही. तरीही परिच्छेद अवतरणचिन्हांत देऊन “भाषांतर प्रस्तुत लेखकाचे” असे नोंदवणे आवश्यक आहे. दुसऱ्याने केलेले मराठी भाषांतर वापरायचे असेल, तर मूळ ग्रंथ खुला असला तरी त्या भाषांतरावर भाषांतरकाराचा स्वतंत्र हक्क असतो, हे विसरू नये.

विकिपीडियावरील मजकूर मोफत मिळतो, पण तो क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अटींवर मिळतो. श्रेय द्यावे लागते, आणि त्यावर बेतलेला मजकूर त्याच अटींवर खुला ठेवावा लागतो. ही अट अंकाला मान्य नसेल, तर तेथील वाक्ये न घेता तेथे दिलेले मूळ स्रोत वाचावेत.

## टप्पा ८ : श्रेय जागच्या जागी देणे

श्रेय लेखाच्या शेवटी एकगठ्ठा देऊ नये. “या लेखासाठी पुढील पुस्तकांचा आधार घेतला आहे” या ओळीवरून कोणते वाक्य कोठून आले, हे वाचकाला कळत नाही. ज्या वाक्यात उसनी गोष्ट आली, त्याच वाक्यात नाव यावे आणि आवश्यक तेथे तळटीप द्यावी. उसना भाग कोठे संपला, हेही दिसले पाहिजे. “माझ्या मते” किंवा “यापुढे जाऊन पाहिले तर” असा शब्दप्रयोग तेवढ्यासाठी पुरतो.

क्रियापद जपून निवडावे. “म्हणतात”, “सुचवतात”, “नोंदवतात”, “सिद्ध करतात” आणि “दावा करतात” यांचे अर्थ वेगळे आहेत. शंका म्हणून मांडलेल्या गोष्टीला “सिद्ध केले” म्हणणे हा मूळ लेखकावरही अन्यायच आहे.

## टप्पा ९ : परवानगी

श्रेय आणि परवानगी या वेगळ्या गोष्टी आहेत. नाव दिले म्हणून पूर्ण कविता छापता येत नाही. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार संशोधन, टीका किंवा समीक्षा यांसाठी न्याय्य वापराला सवलत आहे. मात्र “तीन ओळी चालतात” किंवा “दोनशे शब्दांपर्यंत चालते” असा कोणताही आकडा त्या कायद्यात नाही. किती घेतले, कशासाठी घेतले आणि त्यामुळे मूळ पुस्तकाच्या विक्रीला धक्का बसतो का, याचा विचार करावा लागतो. कलम ५७ नुसार कृती आपली असल्याचे सांगण्याचा आणि तिच्या विकृतीला हरकत घेण्याचा हक्क लेखकाला असतो. हक्क प्रकाशकाला विकले, तरी तो जात नाही.

मुदतीचा हिशेब असा आहे. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यकृतीवरील हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे राहतो. साने गुरुजी यांचे निधन ११ जून १९५० रोजी झाले, म्हणून त्यांच्या अशा लेखनावरील हक्क २०१० च्या अखेरीस संपला. कुसुमाग्रजांचे निधन १० मार्च १९९९ रोजी झाले, म्हणून त्यांच्या कवितांवरील हक्क २०५९ च्या अखेरपर्यंत आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या साहित्यासाठी ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात. जुन्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीतील प्रस्तावना आणि टिपा यांवर संपादकाचा वेगळा हक्क असतो.

परवानगीचे पत्र अंकाच्या मुदतीपूर्वी किमान दोन महिने पाठवावे. कोणता मजकूर, किती ओळी, कोणत्या अंकात, किती प्रती आणि अंक विक्रीसाठी आहे की नाही, हे त्यात लिहावे. उत्तर आले नाही, तर ती संमती समजू नये.

महाविद्यालयात प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र इशारा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. “दहा टक्के उचलायला परवानगी आहे” असा त्याचा अर्थ अनेक विद्यार्थी काढतात आणि तो चुकीचा आहे. ती मर्यादा दंडाची आहे; श्रेय न दिलेला एक परिच्छेदही उचलच ठरतो.

## टप्पा १० : छपाईपूर्वीची तपासणी आणि त्यानंतरची दुरुस्ती

लेखाची छापील प्रत घेऊन तिच्यावर टिपणवहीतील दोन रंग चढवावेत. उसनी वाक्ये आणि उसने विचार एका रंगाने अधोरेखित करावेत, स्वतःचे दुसऱ्या रंगाने. सलग दोन परिच्छेद उसन्या रंगाचे निघाले, तर तेथे आपण थांबलो आहोत आणि मूळ लेखक बोलतो आहे, असे समजावे आणि टप्पा १ मधील प्रश्न पुन्हा वाचून आपले म्हणणे तेथे आणावे. जेथे कोणता रंग द्यावा हे ठरवता येत नाही, ते वाक्य वहीत शोधावे. वहीतही सापडले नाही, तर ते कितीही आवडते असले तरी काढून टाकावे. ज्यांचे तोंडी बोलणे वापरले आहे, त्यांना तेवढा भाग छपाईपूर्वी दाखवावा.

अंक प्रसिद्ध झाल्यावर टिपणवही निदान काही वर्षे जपून ठेवावी. एखाद्या वाचकाने चूक दाखवली, तर पहिले काम वही तपासण्याचे. खुलासा त्यानंतर लिहावा. चूक खरी निघाली, तर पुढील अंकातील दुरुस्तीत मूळ लेखकाचे नाव, पुस्तक, पृष्ठ आणि आपल्या लेखातील ते वाक्य ही सर्व माहिती द्यावी. “अनवधानाने श्रेय द्यायचे राहिले” एवढीच ओळ छापली, तर कोणाचे काय राहिले, हे वाचकाला कळत नाही. लेख संगणकावरही उपलब्ध असेल, तर तेथील मजकूर त्याच दिवशी सुधारावा आणि तो कोणत्या तारखेला बदलला, हे लेखाच्या खाली नोंदवावे.